आधी वायू, मग पाणी

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळ. जागा: बबनराव कोंढरे यांचं सिमेंट ब्लॉकचं शेड, सासवड रस्ता, दिवे घाटाच्या अलीकडे. हजर: बबनराव, त्यांचे वडील आण्णा, आमच्या कंपनीची इंजिनिअर रोहिणी वानखडे, सहकारनगरातल्या एका सोसायटीच्या अध्यक्ष आणि निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका सुधाताई आपटे, आणि मी. सोसायटीचे सेक्रेटरीही यायचे होते, पण ऐन वेळी त्यांना स्वतःचा गुडघा आठवला.

कामाच्या दिवसाची नोंद मी अशीच सुरू करते. तारीख, जागा, हजर कोण. माझी मुलगी म्हणते, "आई, तू लग्नाच्या पंगतीतही हजेरी घेशील." घेतली आहे. दोन माणसं जास्त निघाली होती.

मी पंचवीसेक वर्षं कार्बन डायऑक्साइड विकते. असं सांगितलं की लोक विचारतात, "तो तर फुकटच मिळतो ना?" मिळतो. श्वास सोडा, मिळाला. पण धंद्याला तो शुद्ध आणि भरपूर लागतो. आमचा येतो मळीतून. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल करतात तेव्हा टाकीतलं यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी मागे ठेवतं: अल्कोहोल आणि हा वायू. अल्कोहोलला गिऱ्हाईक दारात उभं असतं. वायू बऱ्याच ठिकाणी नुसता आभाळात सोडून देतात. आमची कंपनी तो टाकीच्या तोंडाशीच धरते, धुते, वाळवते, दाबून गार करून द्रव करते आणि टँकरने पुण्याला आणते. पुढे तो सोड्यात जातो, आग विझवायच्या नळकांड्यात जातो, आइस्क्रीमच्या गाड्यांतल्या कोरड्या बर्फात जातो.

या धंद्यातली अडचण एकच. माल दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. मार्केट यार्डात आमचे एक डाळीचे व्यापारी होते. पोत्यांच्या थप्पीवर प्लास्टिकचा कागद घालायचा, कडा चिकटवून बंद करायच्या, आत वायू सोडायचा आणि तसंच राहू द्यायचं. हवा न मिळाल्यानं किडे मरतात आणि डाळीला विष लागत नाही. हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळीच कागदाचा कोपरा उचलून आत डोकवायचे. मग मला फोन. "मॅडम, हे मेलेत का झोपलेत, काही कळंना." उघडलं की वायू गेला. वायू गेला की किडे उठले. पुन्हा फोन. "बघा, मी म्हणलो नव्हतो, झोपलेत!" शेवटी मी त्यांना एक हवा मोजायचं यंत्र आणून दिलं, काट्याचं. काटा हलताना दिसला तेव्हा कुठे त्यांचा हात कागदापासून लांब राहिला. माणसाला बघायला काहीतरी लागतं, हा धडा मी तिथे शिकले. पुढे तो उपयोगी पडला, पण जरा उशिरानं.

अलीकडे आमच्या या जुन्या धंद्याला मोठं नाव आलं आहे: कार्बन पकडणं, साठवणं आणि वापरणं. परिषदा होतात, गळ्यात ओळखपत्रं अडकवून जेवणं होतात. ज्यांनी हे नाव नुसतं पेपरात वाचलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

पकडण्यात आम्ही नशीबवान, कारण मळीच्या टाकीतून येणारा वायू जवळजवळ निर्भेळ असतो. वीजकेंद्राच्या धुराड्यातून पकडायचा म्हणजे संध्याकाळी स्वारगेटला उभं राहून सगळ्या गर्दीतून फक्त सांगलीला जाणारे वेगळे काढायचे. त्यासाठी धुरातून एक द्रावण फिरवतात. ते कंडक्टरसारखं "सांगली, सांगली" करत फक्त हाच वायू गोळा करतं. मग द्रावण तापवलं की वायू सुटा होतो. तापवायला पुन्हा इंधन. सगळा खर्च तिथे.

साठवणं म्हणजे खोल जमिनीत असा सोडायचा की पिढ्यान् पिढ्या वर येऊ नये. आपल्या पायाखालचा काळा पाषाण या कामाला बरा, असं जाणकार म्हणतात. विहीर खणताना त्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात ना? त्यातले काही म्हणजे फार पूर्वी याच वायूचा झालेला दगड. उत्तरेकडच्या एका बर्फाळ बेटावर हा वायू पाण्यात विरघळवून अशाच काळ्या खडकात मुद्दाम सोडतात आणि काही वर्षांत त्याचा दगड होतो. आपल्याकडे अजून चाचपणीच चालू आहे.

राहिलं वापरणं. इथे मी मान खाली घालते. सोड्यातला आमचा वायू एका ढेकरेत परत हवेत. पकडला काय, न पकडला काय. चार दिवसांचा फरक.

रोहिणीला हेच खुपायचं. ती मूळची यवतमाळची, शिकून पुण्यात नोकरीला आलेली. पहिल्याच महिन्यात तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, आपण हा वायू परत सोडूनच देऊन राहिलो, तं मग पकडतो काहून?" उत्तर तिनंच शोधलं. ओल्या, कच्च्या सिमेंटमध्ये हा वायू शिरला तर चुन्याशी मिळून त्याची चुनखडी होते. म्हणजे दगड. तो मग ढेकर देत नाही. शिवाय ब्लॉक लवकर पक्का होतो. सळया असलेल्या काँक्रीटला हे चालत नाही, कारण सळया गंजतात. पण अंगणात, फुटपाथवर घालायच्या ब्लॉकात सळई नसते. आणि पुण्यात फुटपाथ किती वेळा उखडून पुन्हा घालतात हे मी सांगायला नको. गिऱ्हाईक कायमचं.

तिनं बबनरावांना गाठलं. त्यांच्या शेडमागे एक जुना लोखंडी कंटेनर आणून त्याच्या फटी बुजवल्या, दाराला रबर बसवलं, नळी जोडली. ब्लॉक पाडायचे, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत फळ्यांवर सुकू द्यायचे, मग कंटेनरमध्ये भरायचे आणि रात्रभर आत वायू. आम्ही सगळे त्याला 'रोहिणीची खोली' म्हणायचो. पण वर्ष झालं तरी एकही खरं गिऱ्हाईक नव्हतं. वरून निरोप आला: मार्चअखेर एक तरी ऑर्डर आणा, नाहीतर कंटेनर भंगारात जाईल. रोहिणीची नेमणूक त्या प्रयोगापुरतीच होती. कंटेनर गेला की तीही गेली. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

तेवढ्यात सुधाताईंच्या सोसायटीच्या अंगणात ब्लॉक घालायचं काम निघालं. तिथल्या सभेत मी गेले होते. एका सभासदानं विचारलं, "अहो, मुलं खेळतात तिथे. उन्हाळ्यात ब्लॉक तापून गॅस सुटला तर?" मी उत्तराला तोंड उघडायच्या आत सुधाताई म्हणाल्या, "तुमच्या देवघरातल्या संगमरवरात हाच वायू कोंडलेला आहे. देव गुदमरले का आजवर?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूनं बोलले असं समजू नका. मी ब्लॉक फोडून बघणार आहे."

म्हणून तो शनिवार.

सकाळी बबनरावांनी विचारलं, "म्याडम, आधी च्या का आधी ब्लॉक?"

"ब्लॉक," सुधाताई म्हणाल्या. "चहा कसा असतो ते मला माहीत आहे."

रोहिणीनं कंटेनरची दोन्ही दारं उघडली, पंखा लावला. हा वायू हवेपेक्षा जड, खाली बसून राहतो, म्हणून यंत्राचा काटा खाली येईपर्यंत कोणी आत जायचं नाही हा आमचा नियम. काटा उतरला. ती आत गेली, वरच्या फळीवरच्या ब्लॉकवर तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?"

"मॅडम, हा तं गार आहे."

वायू आणि चुना मिळतात तेव्हा ऊब सुटते. रात्री काम झालं असेल तर सकाळी ब्लॉक हाताला कोमट लागायला हवेत. हे सुधाताईंना कळायला नको होतं, पण रसायनशास्त्राच्या बाईंपासून ते किती वेळ लपणार?

बबनरावांनी हातोड्यानं ब्लॉक फोडला. रोहिणीनं ताज्या तुकड्यावर फवारा मारला. शाळेत सगळ्यांनी वापरलेलं हे फिनॉल्फ्थॅलीन. जिथे वायू शिरून चुन्याचा दगड झाला तिथे रंग येत नाही. जिथे शिरला नाही तिथे गुलाबी. तुकडा लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी झाला. काठाला केसाएवढी कड तेवढी करडी.

"कडेनं थोडा गेला आहे," रोहिणी म्हणाली. आवाज तिचा तिलाच पटत नव्हता.

"काठावर पास करायची पद्धत आमच्या शाळेत नव्हती," सुधाताई म्हणाल्या. "दुसरा फोडा."

दुसरा गुलाबी. तिसरा गुलाबी. बबनरावांनी हातोडा खाली ठेवला. रोहिणीनं ओढणीनं कपाळ पुसलं आणि कंटेनरच्या अगदी मागच्या कोपऱ्यातून एक ब्लॉक उचलला. उचलतानाच तिनं माझ्याकडे बघितलं. तो कोमट होता.

फोडला. फवारला. काठापासून आत बोटभर रंगच नाही, मधे तेवढी फिकट गुलाबी झाक.

इथून पुढे सकाळची तऱ्हा बदलली. आता आम्हा सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: एकाच घाण्यातले, एकाच रात्री एकाच खोलीत ठेवलेले ब्लॉक, मग असं का? सुधाताईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि त्या तुकडे घेऊन उन्हात गेल्या. मी बबनरावांना विचारलं की कोपऱ्यातले ब्लॉक काल सुकायला कुठे होते. ते म्हणाले, भिंतीआड. आणि बाकीचे? रस्त्याकडच्या फळ्यांवर.

"उन्हाचा फरक असेल का?" मी म्हटलं.

"उन्हात उलट जास्त सुकायला पाहिजेत," रोहिणी म्हणाली.

सुधाताई उन्हातून ओरडल्या, "अहो, सुकायचं काय घेऊन बसलात? हा आतून ओला आहे. वरून कोरडा, आतून चिंब. हात लावून बघा!"

मी लावला. खरंच होतं. मग मी सगळ्यांकडे बघत विचारलं, "यांच्यावर पाणी कोणी मारलं?"

नळाशेजारी बाजेवर आण्णा बसले होते. पायाशी पाईपचं वेटोळं.

"म्या मारलं," ते म्हणाले. "न्हाईतर कोन मारनार?"

बबनरावांनी डोक्याला हात लावला. "आवो आन्ना, सांगितलं व्हतं ना, ह्या ब्लॉकाला पानी न्हाई म्हनून!"

"तू सांगितलं. ब्लॉकानं न्हाई सांगितलं. काल पहाटं उठून बघतो तर त्वांड वाळल्यालं, पांढरं पडाया लागल्यालं. एका रातीचं लेकरू हाय त्ये. नव्या शिमिटाला कुनी तहानलेलं ठेवतं व्हय?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आपल्याकडे सिमेंटचं कुठलंही काम झालं की पहिला प्रश्न एकच असतो: पाणी मारलं का? स्लॅब असो, भिंत असो, ओटा असो, पाणी न मारणारा माणूस म्हणजे गुन्हेगार. आण्णांनी उभा जन्म हेच केलेलं. त्यांना पाणी दिसत होतं, सिमेंट ते पिताना दिसत होतं. वायू कुठे दिसतो?

"मग आण्णा, भिंतीआडच्यांना का नाही मारलंत?" सुधाताईंनी विचारलं.

"पाईप पुरना."

सुधाताई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना तिथल्याच विटांच्या थप्पीवर बसावं लागलं. रोहिणी मात्र पाठ करून उभी होती. तिचे खांदे मला दिसत होते. तिच्या डोळ्यांपुढे मार्चअखेर उभी होती.

"वानखडे," सुधाताई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "रडायचं असेल तर चहानंतर. तुमचा प्रयोग फसलेला नाही. ओले आणि कोरडे, एका घाण्यातले, शेजारी शेजारी. अशी तुलना मी मुलांकडून मुद्दाम करून घेत असे. तुम्हाला ती आण्णांनी फुकट करून दिली. आता मला सांगा, पाण्यानं वायू का अडतो?"

रोहिणीनं वळून नाक पुसलं आणि सांगू लागली. सांगता सांगता तिचा आवाज सरळ झाला. ताज्या ब्लॉकात बारीक बारीक वाटा असतात. वायू त्या वाटांनी आत जातो. वाटा पाण्यानं भरलेल्या असतील तर तो दाराशीच थांबतो. पण ठणठणीत कोरडा करूनही चालत नाही, थोडी ओल लागतेच, नाहीतर चुना आणि वायू मिळणारच नाहीत.

"म्हणजे पापडाच्या पिठासारखं," मी म्हटलं. "लाटता आलं पाहिजे, हाताला चिकटता कामा नये."

"आणि गॅस झाल्यावर?" आण्णांनी बाजेवरून विचारलं. ते सगळं ऐकत होते. "मग तरी पानी मारायचं का न्हाई?"

"मारायचं ना, आण्णा," रोहिणी म्हणाली. "मग तं मारायलाच पाहिजे. उरलेल्या सिमेंटला लागते ते."

"मंग असं सांगा की! ह्यो म्हनला पानी न्हाई. तुमी म्हनलात पानी न्हाई. भिताडावर पाटी लावली, पानी न्हाई. नंतर मारायचं, ह्ये कुनी बोललं का?"

पाटी मी लावली होती. 'पाणी मारू नये', ठळक अक्षरात. बबनराव म्हणाले, "आन्नांना वाचाया येतं म्याडम, पटत न्हाई, त्योच वांदा." त्याच दिवशी नवी पाटी झाली: 'आधी वायू, मग पाणी'. तिच्याखाली वेळ किंवा काही आकडे घालावेत असं मला वाटत होतं. सुधाताईंनी घालू दिले नाहीत.

"पुन्हा पाडा," त्या म्हणाल्या. "पुन्हा फोडू. मी येईन." आणि मग चहा.

दुसऱ्या खेपेला आण्णांनी सगळा कारभार हातात घेतला. पाईप नळावरून काढून त्यांनी कंटेनरच्या दाराच्या कडीला गुंडाळला. पाईप सोडवायचा तर कडी काढली पाहिजे, आणि कडी रोहिणीशिवाय कोणी काढायची नाही. पहाटे ते फळ्यांशेजारी येरझाऱ्या घालत होते, असं बबनराव सांगतात. जेवण पुढ्यात घेऊन उपास धरल्यासारखे.

दार उघडलं, काटा उतरला, रोहिणी आत गेली. या वेळी तिनं स्वतः हात न लावता आण्णांना बोलावलं. त्यांनी ब्लॉकवर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"भाकरीवानी हाय की!"

म्हणजे ज्याला काही दिसत नव्हतं त्याला हाताला तरी लागलं. यार्डातल्या डाळीवाल्यांना काटा, आण्णांना ही ऊब. ब्लॉक फुटला, फवारा बसला. चहूबाजूंनी आत बोटभर रंग नाही. मधे फिकट गुलाबी ठिपका.

"मधे अजून आहे," सुधाताई म्हणाल्या.

मी धंद्यातली बाई. माझ्या जिभेवर चांगलं वाक्य तयार होतं. रोहिणी माझ्या आधी बोलली. "हो, पूर्ण नाही जात. इतकाच जातो."

सुधाताईंनी तुकडा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. "इतकाच जातो, हे कोणी सांगत नाही सहसा. घेऊ आम्ही ब्लॉक."

अट एक घातली. नळाजवळच्या कोपऱ्यातले काही ब्लॉक सैल ठेवायचे. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला आम्ही जायचं आणि सभासदांसमोर एक फोडून दाखवायचा. ऑर्डर मार्च संपायच्या आत आली. संध्याकाळी रोहिणीनं घरी फोन केला. पलीकडून काय विचारलं माहीत नाही, ती म्हणाली, "नाही आई, इथेच आहो. राहिली माझी खोली."

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्या दुसऱ्या खेपेलाच गाडीत बसता बसता सुधाताईंनी काच खाली केली होती. "यात किती कोंडलात ते कळलं. कोंडायला किती सोडलात?"

"म्हणजे?"

"टँकर काय ढकलत आणता का?"

मी आठ दिवसांत सांगते म्हटलं. मग रोहिणी आणि मी बसलो. वायू द्रव करायची वीज, घाटातून येणाऱ्या टँकरचं डिझेल, ही बाजू सोपी होती. मग सिमेंट आलं. सिमेंट करताना भट्टीत चुनखडी भाजतात, तेव्हा तिच्यातून हाच वायू हाकलून देतात. म्हणजे आम्ही ब्लॉकात कोंडतो तो त्या घर सोडून गेलेल्यांतल्या काहींना परत बोलावण्याचाच प्रकार. तो कुठल्या बाजूला मांडायचा? ब्लॉक लवकर पक्का होतो म्हणून सिमेंट थोडं कमी घालता येतं, ते कुठे? आणि टँकर परत जाताना रिकामा जातो. त्याच टँकरनं निम्मा माल सोडावाल्याला दिलेला असतो. मग ते रिकामं परत जाणं कोणाच्या माथी, आमच्या की सोड्याच्या? रोहिणी म्हणते सोड्याच्या. सोडा विभाग म्हणतो, ही फेरी तुमच्यामुळेच झाली. आतापर्यंतचा अंदाज असा की फायदा आहे, पण आमच्या माहितीपत्रकात छापला आहे तेवढा नाही. खोली उचलून मळीच्या टाकीशेजारी नेली तर टँकरच लागणार नाही. बबनरावांना ते पटतं. आण्णा म्हणतात, तिकडं न्या, पर मला न्यायचं न्हाई.

गेल्या आठवड्यात सुधाताईंचा फोन आला. "ब्लॉक रविवारी फोडायचा ठरलाय. हातोडा आमच्याकडे आहे, फवारा वानखडे आणतील. तुम्ही उत्तर आणा."

माझी दिवाळीची यादी फ्रिजवर लावलेली आहे. चकलीची भाजणी, पडदे, भाच्यांचे कपडे, पणत्या, सगळ्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या आहेत. शेवटची ओळ 'सुधाताईंना उत्तर', तिच्यावर नाही. काल रोहिणीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, टँकरच्या परतीचं अडलं आहे अजून." रविवारी सकाळी यार्डाच्या रस्त्यावरून सहकारनगरला जाईन तेव्हा ते सुटलेलं नसेल, असंच दिसतं. ब्लॉक मात्र फुटणार आहे.